सांख्यिकीचें शिक्षण व उद्यांची आज्ञावली

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर मी इयत्ता दहावीच्या वर्गांत सांख्यिकीचें प्रकरण शिकवीत होतों. गृहीतमध्य पद्धतीचें उदाहरण फळ्यावर अर्धें झालें होतें, तोंच मागील बांकावरील एक मुलगा उभा राहिला. चिखली तालुक्यांतील एका खेड्याहून रोज एस्. टी.नें येणारा, फारसा न बोलणारा असा तो मुलगा. त्यानें विचारिलें, "सर, आमच्या वावरांत यंदा सोयाबीन पुरतें कुजलें. तरी मंडळाची सरासरी चांगली निघाली म्हणून विमा नाहीं, असें बाबा म्हणतात. ही सरासरी काढतो कोण, आणि ती आमची कशी?" वर्गांत कांहीं मुलें हसलीं, ज्यांच्या घरीं शेती आहे तीं हसलीं नाहींत. मीं खडू खालीं ठेविला. पुस्तकांतील उदाहरण त्या दिवशीं पुरें झालें नाहीं.

या वार्षिकासाठीं कांहीं लिहावें अशी सूचना आली, तेव्हां मला दुसरा विषय सुचलाच नाहीं. सांख्यिकी शिकविण्यासाठीं संगणकावर ज्या आज्ञावल्या, म्हणजे लोकभाषेंत सॉफ्टवेअर, आज वापरतात, त्यांची पुढील वाढ कोणत्या दिशेनें व्हावी हा प्रश्न मोठ्या शहरांतील विद्वानांचा आहे अशी एक समजूत आहे. मला तसें वाटत नाहीं. ज्याच्या वावराची सरासरी कोणी दुसराच काढितो, त्या मुलाचा तो प्रश्न आधीं आहे. आणि त्याच्या बांकावरून पाहिलें असतां या आज्ञावल्यांत काय उणें आहे तें जितकें स्पष्ट दिसतें, तितकें त्या रचणारांच्या कचेरींतून दिसत नसावें.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला पुढील तीन तास लागले. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ सालीं सुरू झाली. तिचा मुख्य भर प्रत्येकाचें शेत वेगळें मोजण्यावर नाहीं. महसूल मंडळासारखें एक क्षेत्र एकक धरून त्या क्षेत्राचें सरासरी उत्पन्न पाहतात. त्यासाठीं थोडीं शेतें यदृच्छेनें, म्हणजे कोणाच्याहि मर्जीवर न ठेवितां, निवडावयाचीं. त्यांत दोरी व खुंट्या लावून एक तुकडा आंखावयाचा (अनेक पिकांकरितां तो दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असतो), आणि तेवढ्याच तुकड्यांतील पीक कापून, मळून तोलावयाचें. यास पीक कापणी प्रयोग म्हणतात. महसूल व कृषि खात्याचे लोक हें काम करितांना आपल्यापैकीं पुष्कळांनीं बांधावरून पाहिलें असेल. अशा रीतीनें निघालेल्या सरासरीची तुलना उंबरठा उत्पन्नाशीं होते. मागील सात वर्षांपैकीं उत्तम अशा पांच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तरानें गुणिलें कीं उंबरठा उत्पन्न मिळतें. चालू वर्षाची सरासरी उंबरठ्याखालीं गेली तरच भरपाई. जितकी तूट, तितक्या प्रमाणांत.

मीं फळ्यावर सात वर्षांचे काल्पनिक आंकडे मांडिले. हेक्टरीं क्विंटल: १२, ७, १०, ४, ११, ९, १३. सातांची बेरीज ६६, म्हणून साधी सरासरी सुमारें ९.४३. परंतु उत्तम पांच वर्षें घेतलीं तर बेरीज ५५ व सरासरी ११. जोखीमस्तर ७० टक्के धरिला तर उंबरठा ७.७ क्विंटल. यंदा मंडळांत ७ क्विंटल पिकलें असें समजलें तर तूट ०.७, म्हणजे उंबरठ्याच्या अकरावा हिस्सा. विम्याच्या रकमेपैकीं सुमारें ९ टक्के भरपाई मिळेल. आतां तीच साधी सरासरी घेतली असती तर उंबरठा ६.६ आला असता, आणि शेतकऱ्याच्या हातीं दमडीहि पडली नसती. "कोणती सरासरी" हा प्रश्न परीक्षेंत दोन गुणांचा असतो. त्या दिवशीं मुलांना तो पैशाचा आहे हें कळलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही संगणकाच्या खोलींत गेलों. आमच्याकडे 'आर' नांवाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. तेच सात आंकडे घालून मीं मुलांना म्हटलें, आतां तुम्हांला वाटेल तो आंकडा बदला. एकानें चारांच्या जागीं शून्य घातलें. उंबरठा जागचा हलला नाहीं, कारण वाईट दोन वर्षें वगळलींच जातात. दुसऱ्यानें तेरांचे अठरा केले, उंबरठा ८.४ वर चढला. मग एका मुलीनें नवांच्या जागीं चार घातले. म्हणजे आतां सातांत तीन वर्षें वाईट. उत्तम पांचांत तेव्हां ७ क्विंटलांचें वर्ष शिरलें, सरासरी १०.६ झाली आणि उंबरठा ७.४२ वर उतरला. ती मुलगी पडद्याकडे पाहत राहिली व म्हणाली, "म्हणजे लागोपाठ दुष्काळ पडले तर उंबरठाच खालीं बसतो, सर." ही गोष्ट मीं तिला सांगितलेली नव्हती, खरें सांगावयाचें तर मीं स्वतः तिचा तोंवर विचार केला नव्हता. फळ्यावर प्रत्येक बदलासाठीं नवें गणित करावें लागलें असतें व तास संपला असता. यंत्राचा उपयोग कोठें आहे तें मला त्या क्षणीं नीट समजलें. बेरीज लवकर होते हा त्याचा लहानसा गुण आहे. "असें केलें तर काय होईल" हें विचारावयास तें मुलाला भीत न भीत कां होईना, पण धजावतें, हा मोठा.

परंतु त्याच तासांत दुसरीहि एक गोष्ट घडली. एका मुलीनें आपल्या वहींतल्याप्रमाणें देवनागरी आंकडे कळफलकावरून घातले. आरनें ते संख्या म्हणून घेतले नाहींत. त्यांच्या जागीं "उपलब्ध नाहीं" अशा अर्थाचीं दोन इंग्रजी अक्षरें उमटलीं. मुलीला वाटलें, आपलेंच कांहीं चुकलें. तिनें पुन्हां घातले, पुन्हां तेंच. तिचें कांहीं चुकलें नव्हतें. ज्या अंकांनीं हिंदुस्थानानें जगाला गणित शिकविलें त्यांचे हे थेट वंशज. आणि यंत्र त्यांस ओळखीत नाहीं! हें यंत्रास अशक्य आहे म्हणावें तर तसेंहि नाहीं. पायथन नांवाची दुसरी एक संगणकभाषा आहे. तिला देवनागरी "१२" ही अक्षरें देऊन संख्येंत रूपांतर करावयास सांगितलें तर ती निमूटपणें बारा देते. आम्ही वर्गांत करून पाहिलें. तेव्हां अडचण ज्ञानाची नाहीं, कोणाच्या ध्यानांत येण्याची आहे.

मूळ प्रश्न अद्याप राहिलाच होता. सरासरी आमची कशी? याचें उत्तर देण्यासाठीं आम्ही तिसऱ्या तासाला माठ आणिला. दोनशें चिठ्ठ्यांवर दोनशें शेतांचें उत्पन्न लिहून माठांत टाकलें. कांहीं चिठ्ठ्यांवर मुद्दाम शून्य लिहिलें, तीं कुजलेलीं वावरें. चाळीस मुलांपैकीं प्रत्येकानें दहा चिठ्ठ्या काढून सरासरी लिहावयाची व चिठ्ठ्या परत टाकावयाच्या. फळ्यावर चाळीस ठिपके पडले. ते एका जागीं नव्हते, परंतु फार दूरहि नव्हते. मधोमध दाटी व कडेला विरळ. मग तेंच काम यंत्रास हजार वेळां करावयास सांगितलें, व क्षणांत हजार सरासऱ्यांचा आयतालेख पडद्यावर उभा राहिला, अगदीं फळ्यावरील दाटीच्या आकाराचा. माझें ठाम मत असें आहे कीं माठ आधीं व यंत्र मागून. ज्या मुलानें स्वतः दहा चिठ्ठ्या काढिल्या नाहींत त्याला हजारांचें चित्र म्हणजे जादूगाराचा खेळ वाटतो.

आणि त्या मुलाला उत्तर मिळालें, जरी तें गोड नव्हतें. मंडळाची सरासरी खरी असूं शकते व त्याच्या बापाचें वावर कुजलें हेंहि खरें असूं शकतें. एका आंकड्यांत शंभर शेतें बसविलीं कीं त्यांतील फरक दिसेनासा होतो. आपल्या जिल्ह्यांत हें सांगावयास पुस्तक नको. घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके कोणते आणि घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद कोणते! वर माळरान व मुरूम, खालीं पूर्णेचें काळें खोरें व त्यांत खारपाणपट्टा. तेरा तालुक्यांच्या पावसाची एक सरासरी छापिली म्हणजे ती कोणत्याहि एका गांवची नसते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टि धरितात. पर्जन्यमापक मंडळाच्या गांवीं असतो आणि ढग फुटतो तीन कोसांवर. पालकहो, आपल्या घरांत हें रोज बोललें जातें. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं हेंच बोलणें सांख्यिकीच्या तासाला ऐकूं आलें पाहिजे.

येथें दोन मराठी माणसांचीं नांवें घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. लंडनला सांख्यिकीचें उच्च शिक्षण घेऊन ते परतले व त्यांनीं विनायक गोविंद पानसे यांच्या जोडीनें पीक कापणीची यदृच्छ नमुन्याची पद्धत या देशांत रुजविली. तत्पूर्वीं पिकाचा अंदाज बहुधा नजरेनें बांधीत, आणि नजर ही माणसागणिक बदलते. सुखात्मे पुढें १९५१ पासून रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेतकी संघटनेंत सांख्यिकीचे प्रमुख होते. दोघांनीं मिळून शेतकी-संशोधकांसाठीं लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ सालीं निघाला व पुढें अनेक वर्षें शेतकी महाविद्यालयांत तो वापरला गेला. म्हणजे ज्या पद्धतीनें आज आमच्या वावराची सरासरी निघते ती रचणारांत दोघे आपल्याच भाषेचे होते. ही ओळख मुलांना नाहीं; पाठ्यपुस्तकांतील सांख्यिकीचें प्रकरण वाचून ती होतहि नाहीं.

आतां आज्ञावल्यांकडे वळूं. ज्यांनीं खरोखर जगभर घर केलें त्यांतील कित्येक वर्गांतील अडचणींतून जन्मल्या, ही गोष्ट मला फार बोधक वाटते. 'मिनिटॅब' १९७२ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानच्या विद्यापीठांत तीन अध्यापकांनीं आपल्या विद्यार्थ्यांसाठीं रचिली. 'आर' ही न्यूझीलंडमध्यें ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनीं १९९० नंतरच्या वर्षांत रचिली; त्यांच्या प्रयोगशाळेंतील संगणकांवर विद्यार्थ्यांना सांख्यिकी शिकविण्याजोगें साधन त्यांस हवें होतें. दोघांच्या नांवांचें आद्याक्षर एकच, म्हणून तें नांव. शिवाय तत्पूर्वीं बेल प्रयोगशाळेंत 'एस्' नांवाची भाषा झाली होती, तिच्यावरची ती थट्टाहि आहे. १९९५ सालीं त्यांनीं आपली कृति सर्वांस मोकळी केली. कोणीहि घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी. पहिली पूर्ण आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. 'जिओजेब्रा' ही मार्कुस होहेनवार्टर यांनीं ऑस्ट्रियांतील झाल्झबुर्ग येथें पदवीच्या प्रबंधासाठीं आरंभिली. मुलांनीं एकेक आंकडा हातानें हलवून चित्र बनवावें यासाठीं अमेरिकेंत 'टिंकरप्लॉट्स' व पुढें 'कोडॅप' निघालीं. तीं तर थेट शाळकरी वयासाठींच.

म्हणून शिक्षकांनीं मुकाट्यानें बसूं नये असें मी म्हणतों. ऑकलंडच्या दोघांनीं आपल्या वर्गाची गरज पाहिली व तीवरून साऱ्या जगाचें साधन झालें. आमच्या वर्गाची गरज आम्हीं मांडिली नाहीं तर ती कोण मांडणार?

एक कडू अनुभवहि सांगतों. पूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत असतांना तेथें एका कंपनीची शैक्षणिक आज्ञावली विकत घेतली होती. चित्रें सुरेख, रंग मनोहर. मुलांनीं दोन वर्षें गांवोगांवच्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून तींत भरिली. तिसऱ्या वर्षीं परवान्याची मुदत संपली. नवा परवाना घेण्यास पैसे नव्हते, आणि जुन्या नोंदी दुसऱ्या कोणत्याहि आज्ञावलींत उघडेनात. दोन उन्हाळ्यांचें मुलांचें काम एका कुलपाआड राहिलें. दोष कंपनीचा म्हणावा तर करारावर सही आमचीच होती. तेव्हांपासून मी मुलांच्या नोंदी आधीं वहींत, मग साध्या अक्षरांच्या फायलींत ठेववितों, व आज्ञावली कोणती घ्यावी हें मागाहून पाहतों. शाळेसाठीं नवें साधन रचणारांनीं पहिली अट हीच पाळावी: मुलानें भरलेला आंकडा मुलाचा राहिला पाहिजे.

सरकारी पैशानें या दिशेनें कांहींच झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. मुंबईच्या आय्. आय्. टी.मध्यें 'फॉसी' नांवाचा प्रकल्प चालतो. शिक्षणांत मोकळ्या आज्ञावल्यांचा प्रसार करणें हें त्याचें काम. महागड्या आज्ञावल्यांवर चालणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळा मोकळ्या साधनांवर आणण्यास तो साह्य करितो; पाठ्यग्रंथांतील सोडविलेलीं उदाहरणें विद्यार्थ्यांकडूनच आर, पायथन अशा भाषांत लिहवून घेऊन सर्वांसाठीं ठेवितो. तेथूनच निघालेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमाचे लहान लहान पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात, आणि ते उतरवून घेतले तर जाळ्यावांचून चालतात. मीं त्यांचा उपयोग केला आहे व ते चांगले आहेत. पण तेथेंहि एक गंमत आहे: कानाला मराठी ऐकूं येतें, डोळ्यांना इंग्रजी दिसतें. बोलणारा मराठींत सांगतो कीं अमुक ठिकाणीं दाबा, आणि तें ठिकाण इंग्रजींत लिहिलेलें असतें. ज्याला इंग्रजी वाचतां येतें त्याला हें चालेल. खेड्यांतील आठवीच्या मुलाला येथेंच ठेंच लागते, आणि तो असें समजतो कीं सांख्यिकी कठीण आहे.

भाषेचा हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाहीं. पुस्तकांत 'मध्य', 'मध्यक' व 'बहुलक' असे तीन शब्द आहेत. बाजारांत फक्त 'सरासरी' आहे. पडद्यावर 'मीन', 'मीडियन', 'मोड'. एका कल्पनेचीं तीन ठिकाणीं तीन नांवें, आणि मुलानें तीं जुळवीत बसावें. त्यांतहि 'मध्य' व 'मध्यक' यांत एका अक्षराचाच फरक, तो परीक्षेच्या घाईंत किती जणांना नडतो तें उत्तरपत्रिका तपासणारांस विचारावें. शासनाच्या भाषा संचालनालयानें शास्त्रीय विषयांचे परिभाषाकोश काढिले आहेत, पाठ्यपुस्तक मंडळाचे शब्द आहेत. ते एकत्र करून कोणत्याहि मोकळ्या आज्ञावलींत घालतां येतील. आरच्या सूचनांचीं भाषांतरें जगभरचे लोक फावल्या वेळांत, बिनपगारी करितात. मराठी शिक्षकांनीं व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं त्यांत हात घातला तर कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं. हें काम सरकारवर ढकलण्याजोगें मुळींच नाहीं.

विजेचें व जाळ्याचें रडगाणें मी लांबवीत नाहीं; तें सर्वांस ठाऊक आहे. एवढेंच सांगतों कीं २०२३ सालीं 'वेबआर' नांवाची जी पहिली आवृत्ति निघाली तिच्यामुळें आर आतां ब्राउझरांतच चालूं शकते, दूरच्या यंत्राकडे प्रत्येक बेरजेसाठीं धांवावें लागत नाहीं. घरांतील साध्या मोबाईलवर हें सुखानें व जाळें नसतां चालेल अशी बांधणी झाली, तर संगणकाच्या खोलीची पाळी येण्याची वाट मुलांना पाहावी लागणार नाहीं. उद्यांच्या आराखड्यांत मी हें भाषेच्या खालोखाल ठेवीन. नवीं नवीं सूत्रें व नव्या कसोट्या यांची शाळेला गरज नाहीं. त्या तेथें आधींच इतक्या आहेत कीं विद्यापीठाला पुरून उरतात.

कांहीं पालकांचें म्हणणें मला ठाऊक आहे. बोर्डाच्या परीक्षेंत हातानेंच गणित करावें लागतें. संगणकावर काढलेल्या आयतालेखास गुण नाहींत. मग वेळ कां दवडावा? शिवाय मोबाईल हातीं दिला कीं मूल सांख्यिकी सोडून दुसरें सर्व पाहतें. दुसऱ्या आक्षेपास माझ्याकडे पुरें उत्तर नाहीं. माझ्याहि घरीं मुलें आहेत. पहिल्याविषयीं मात्र सांगतों. माझ्या वर्गांत प्रत्येक पद्धतीचें निदान एक उदाहरण मुलें हातानेंच करितात, व तें बरोबर आल्याशिवाय मी त्यांस यंत्राजवळ जाऊं देत नाहीं. ज्याच्या हातानें एकदां वर्गमध्य व वारंवारता यांचा गुणाकार केला आहे त्यालाच यंत्राचें उत्तर चुकीचें वाटलें तर संशय येतो. एका मुलानें १२ च्या जागीं चुकून १२० भरले व सरासरी २४ च्या वर आली, शेजारचा लगेच म्हणाला, "अरे, सातांपैकीं एकहि वर्ष इतकें पिकलें नाहीं." हा संशय ज्याला येतो तो परीक्षेंत मागें पडत नाहीं, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

आणि येथेंच मला उद्यांच्या एका योजनेची धास्ती वाटते. आतां अशा आज्ञावल्या येत आहेत कीं आंकडे त्यांच्या स्वाधीन करावेत व शब्दांत विचारावें. कृत्रिम बुद्धि सूत्र निवडते, चित्र काढते, आणि निष्कर्षहि लिहून देते. मोठ्या कचेऱ्यांना तें सोयीचें असेल. शिक्षकालाहि प्रश्नपत्रिका करितांना त्याचा उपयोग आहे. मी नाकारीत नाहीं. परंतु शिकणाऱ्या मुलासाठीं आज्ञावली रचावयाची असेल तर तिनें उत्तर देण्यापूर्वीं विचारिलें पाहिजे: तुझा अंदाज काय? कोणती सरासरी घेणार, आणि कां? हीं शेतें कोणीं निवडिलीं? त्या मुलीनें नवांचे चार केले तेव्हां पडद्यानें उपदेश केला नाहीं. फक्त आंकडा बदलला, आणि ती स्वतः बोलली. यंत्र तिच्याआधीं बोललें असतें तर तिनें वाचून मान हलविली असती व विसरली असती. मुलाला बोलूं देण्यापुरतें गप्प राहणें हा गुण यंत्रांत घालणें कठीण असेल. शिक्षकांतहि तो सहजासहजीं येत नाहीं, हें मी स्वतःवरून सांगतों.

जाहिरातींच्या व बातम्यांच्या या दिवसांत आंकड्यांनीं डोळे दिपविणें फार सोपें झालें आहे. स्तंभालेखाचा पाया शून्यावर न ठेवितां वर उचलला कीं दोन टक्क्यांची वाढ दुप्पट दिसते. आज्ञावली असें चित्र विनातक्रार काढून देते. मुलांसाठीं असलेल्या आज्ञावलीनें निदान एवढें विचारावें कीं खालचा भाग कापावयाचा आहे काय. ही माझी एक लहानशी मागणी. पण ती वर्गांतून आली आहे. मलकापूरच्या एका दुकानाचें पत्रक पाहून आठवीच्या मुलीनेंच ती काढली.

विमा प्रकरणीं त्या मुलाच्या घरीं पुढें काय झालें असें कोणी विचारील. पैसे मिळाले नाहींत. त्याच्या वडिलांनीं पुढच्या पालकसभेंत माझी गांठ घेतली व उंबरठा उत्पन्न कसें काढतात तें पुन्हां समजून घेतलें. मुलानें वहींत सात वर्षांचें त्यांच्याच वावराचें उत्पन्न लिहून आणिलें होतें. आजोबांच्या आठवणीवरून व जुन्या हिशेबपट्ट्यांवरून. त्यांतील पांच आंकडे पट्ट्यांशीं जुळले, दोन जुळले नाहींत. कोणते दोन, तें त्यानें लाल शाईनें दाखविलें होतें.

त्यावरूनच यंदाची आमची योजना ठरली आहे. नववी व दहावीचीं मुलें आपापल्या घरच्या कापूस, सोयाबीन व तुरीच्या विक्रीच्या जुन्या पट्ट्या शाळेंत आणतील. नांवें झांकून फक्त वर्ष, वजन व भाव हे तीन आंकडे वहींत उतरून घेतील आणि पट्टी त्याच दिवशीं घरीं परत नेतील. खामगांवच्या बाजारांतील पट्ट्या असतील तर फारच उत्तम, कारण तेथें आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही भागांचा माल येतो. दुसरीकडे आठवीचा वर्ग सांख्यिकीच्या शब्दांची तीन रकान्यांची यादी करीत आहे: पुस्तकांतला शब्द, घरचा शब्द, पडद्यावरचा शब्द. आतांपर्यंत एकेचाळीस शब्द झाले आहेत. 'मध्यका'ला घरचा शब्द अजून कोणाला सांपडलेला नाहीं; एखाद्या आजीला ठाऊक असल्यास तिनें नातवंडाबरोबर कळवावें. पट्ट्या पावसाळा संपेपर्यंत माझ्याकडे, किंवा मी वर्गावर असल्यास कार्यालयांत, आणून द्याव्यात.